प्राणिसंग्रहालयात पशुवैद्य व्हायचंय? आधी विष्ठा तपासायला शिका

पशुवैद्यकाची पदवी हातात पडली की प्राणिसंग्रहालयात काम करायची इच्छा अनेकांना होते. डोळ्यांपुढे असतो ब्लोपाइपने, म्हणजे फुंकनळीतून औषधाची सुई मारून, बेशुद्ध केलेला बिबट्या. तेही काम येतं, पण क्वचित. रोजचं काम म्हणजे विष्ठा तपासणं, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. वन्यप्राणी दुखणं लपवतो. तो खंगलेला दिसेपर्यंत जंतांनी बरंच नुकसान केलेलं असतं.

सकाळी सफाईच्या आधी प्राण्यांची देखभाल करणाऱ्या कीपरबरोबर पिंजऱ्यांपाशी जा. रात्री कोणी खाल्लं नाही, कोणाला पातळ झालं, हे त्यांना तुमच्या आधी कळलेलं असतं. चितळांच्या लेंड्या घेताना ताज्या आणि ढिगाच्या वरच्याच घ्या. मातीला टेकलेल्या लेंड्यांत मातीतलेच कृमी शिरतात आणि निदान चुकतं. उकाड्यात स्ट्राँगाइल या पोटातल्या गोलकृमींची अंडी साधारण एका दिवसात फुटून अळ्या बाहेर येतात, मग अंडी मोजण्यात अर्थ उरत नाही. लगेच तपासणं जमणार नसेल तर नमुना फ्रीजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

मिठाच्या संपृक्त द्रावणात विष्ठा कालवून गाळली, वर कव्हरस्लिप (काचेची पातळ चकती) ठेवून थोडं थांबलं, की अंडी तरंगून तिला चिकटतात. वाघ-सिंहांत दोन गोलकृमी नेहमी भेटतात. टॉक्सोकॅराच्या अंड्याचं कवच बारीक खळग्यांचं, टॉक्सास्कॅरिसचं गुळगुळीत. हा फरक डोळ्यांत बसेपर्यंत स्लाइडी बघत राहा. टॉक्सोकॅरा वाघिणीच्या दुधातूनही बछड्यांत जाऊ शकतो, म्हणून पोट फुगलेलं, केस निस्तेज झालेलं पिल्लू दिसलं की आईचाही विचार करा. यकृतकृमीची अंडी मात्र जड असतात, त्यांच्यासाठी तळाचा गाळच बघावा लागतो. आणखी एक: वाघाच्या विष्ठेत कधी कोंबडीच्या कॉक्सिडिया या एकपेशीय परजीवींचे ऊसिस्ट (अंड्यांसारखे कोष) दिसतात. ते खाण्यातून आलेले, नुसते पोटातून पार झालेले. त्यावर वाघाला औषध द्यायचं नसतं.

औषधांची नावं पुस्तकात आहेत: गोलकृमींना फेनबेंडाझोल, पट्टकृमींना प्रॅझिक्वांटेल. खरी कसोटी औषध पोटात जाण्याची. चितळांच्या कळपात एकाच गव्हाणीत औषध मिसळलं तर दांडगा नर निम्मं फस्त करतो आणि ज्या अशक्त मादीला ते हवं होतं ती लांब उभी राहते. चारचौघांना एकदम तोंड घालता येईल अशा अंतरावर गव्हाणी मांडा आणि खाणं संपेपर्यंत तिथंच थांबा.

एका प्राण्याचं औषध दुसऱ्याला चालेलच असं नाही. कासवांना आयव्हरमेक्टिन घातक ठरतं. कबुतरं, करकोचे आणि गिधाडं यांच्यात फेनबेंडाझोलने अस्थिमज्जेवर परिणाम होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत.

जंत तरी विष्ठेत सापडतात, सर्रा या रोगाचा परजीवी रक्तात असतो. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी हे त्याचं नाव, त्याला गोमाशा पसरवतात. ओडिशातल्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात जुलै 2000 मध्ये सर्राने डझनभर वाघ दगावले. ती घटना प्रत्येक नव्या पशुवैद्याने अभ्यासावी अशी आहे. पावसाळ्यात वाघ सुस्त, तापलेला, न खाणारा दिसला तर गिम्सा या रंगद्रव्याने रंगवलेली रक्ताची स्लाइड त्याच दिवशी बघा. सर्रावर डिमिनाझीन हे औषध आहे, पण मात्रेचा हिशेब काटेकोर हवा आणि सर्वांत आधी वरिष्ठांचा सल्ला.

शिक्षणाचं म्हणाल तर बी.व्ही.एस्सी.नंतर परजीवीशास्त्रात किंवा वन्यजीव विषयात एम.व्ही.एस्सी. करणं फायद्याचं. नागपूरच्या गोरेवाड्यात महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं वन्यजीव संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तिथल्या संधींवर लक्ष ठेवा. इंटर्नशिपमध्ये गाई-म्हशींच्या शेणाचे नमुने कंटाळा न करता तपासा; हात तिथंच तयार होतो.

आणि जंतांचं औषध दिल्यावर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा नमुना घ्या. अंडी कमी झाली नसतील तर औषध बदलण्याआधी ते खरोखर पोटात गेलं होतं का, हे कीपरला विचारा.