लाईट गेल्यावर सर्व्हिस आपोआप उठावी म्हणून: चाचणीआधीची तयारी

हाताने चालू केली की सर्व्हिस (मागे सतत चालत राहणारा प्रोग्रॅम) व्यवस्थित चालते, मशीन बूट झाल्यावर मात्र बंद सापडते. वाचनालयाच्या कोपऱ्यात, दवाखान्यात, दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलेल्या रास्पबेरी पायवर (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) किंवा जुन्या डेस्कटॉपवर हे हमखास होतं. लाईट दुपारी जाते, संध्याकाळी येते, आणि त्या वेळी लिनक्स कळणारं कुणी तिथे नसतं. सर्व्हिस उठली नाही तर पुस्तकांची देवघेव अडते, पेशंट ताटकळतात. म्हणून तिथे जाण्याआधी पूर्ण तयारीने जा.

सगळ्यात पहिली तयारी म्हणजे अख्ख्या खोलीची लाईट घालवायची परवानगी. मशीनची नुसती नाही, राउटरसकट आणि बाहेरच्या हार्ड डिस्कसकट. मागच्या खेपेला माझ्याकडून हेच राहिलं, आणि रीबूटमध्ये पास झालेली सर्व्हिस पुढच्याच लोडशेडिंगमध्ये पडली. रीबूट म्हणजे चाचणी नव्हे. रीबूट करताना राउटर चालूच असतो, वाय-फाय तयार असतं, डिस्क आधीच फिरत असते. खरी लाईट येते तेव्हा तिघंही एकदम शून्यापासून सुरू होतात, आणि मशीन बहुतेक वेळा राउटरच्या आधी उठतं. तेव्हा वाचनालय बंद व्हायच्या सुमाराची वेळ ठरवा आणि राउटरची लाईट घालवायची आहे हे आधीच सांगून ठेवा.

कीबोर्ड, एचडीएमआय केबल, स्क्रीन सोबत घ्या. नेटवर्कच आलं नाही तर एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून लांबून लॉगिन, काय करणार?

बहुतेक लिनक्सवर सर्व्हिस सुरू करण्याचं काम सिस्टिमडी करतं, त्याला हुकूम द्यायची कमांड सिस्टिमसीटीएल, आणि प्रत्येक सर्व्हिसच्या सूचना तिच्या युनिट फाइलमध्ये असतात. सर्व्हिस एनेबल, म्हणजे बूटला आपोआप सुरू व्हावी अशी नोंदवलेली, आहे का ते बघा. सिस्टिमसीटीएल स्टार्ट आताच्या पुरतं असतं, बूटसाठी एनेबल लागतं. इज-एनेबल्ड विचारल्यावर 'स्टॅटिक' असं उत्तर आलं तर युनिट फाइलमध्ये इन्स्टॉल विभागच नाही. तो बनवून वॉन्टेडबाय समोर मल्टी-युजर टार्गेट (नेहमीच्या बूटचा टप्पा) लिहा. फाइल बदलली की डीमन-रीलोड, म्हणजे सिस्टिमडी ती पुन्हा वाचतं, आणि मग एनेबल.

आता नोंदी. काही सिस्टिमवर जर्नल (सिस्टिमडीची नोंदवही) फक्त रॅममध्ये राहतं, म्हणजे लाईट गेली की पुरावाही गेला. जर्नलडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये स्टोरेज पर्सिस्टंट करा. हे चाचणीच्या आधी करायचं, नंतर करून उपयोग नाही. मग जर्नलसीटीएलला मायनस बी, मायनस वन दिलं की मागच्या बूटच्या नोंदी मिळतात. सिस्टिमसीटीएल स्टेटसमधला एररचा आकडा वाचायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. २०३ म्हणजे प्रोग्रॅम चालवताच आला नाही: पाथ (फाइलचा पूर्ण पत्ता) चुकला, एक्झिक्यूटची परवानगी नाही, किंवा स्क्रिप्ट विंडोजवर लिहिल्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी नको ते अक्षर चिकटलंय. २१७ म्हणजे युनिटमध्ये दिलेला युजर सापडला नाही. २०० म्हणजे वर्किंग डिरेक्टरीत, सर्व्हिस ज्या फोल्डरमधून चालते तिथे, जाता आलं नाही, आणि हा आकडा दिसला की लगेच डिस्ककडे बघा.

डिस्कवर वेळ घालवा, इथे घाई नको. एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठल्या फोल्डरला जोडायची, म्हणजे माउंट करायची, त्याची यादी) एसडीए-वन असलं काही लिहू नका, ती नावं बदलतात, यूयूआयडी (डिस्कचा स्वतःचा ओळख-क्रमांक) लिहा. डिस्क नसली तरी मशीन उठावं म्हणून लोक तिथे नोफेल हा पर्याय टाकतात. ते बरोबरच आहे, पण त्यानंतर बूट त्या डिस्कसाठी थांबत नाही. सर्व्हिस आधी सुरू होते, माउंटची जागा रिकामी सापडते, आणि कित्येक प्रोग्रॅम तिथे बिनदिक्कत नवा, कोरा डेटाबेस बनवतात. थोड्या वेळाने डिस्क त्यावर माउंट होते आणि दिवसभराच्या नोंदी भलतीकडेच गेलेल्या असतात. सर्व्हिस पडली तर निदान कळतं, हे कळतही नाही. म्हणून युनिट विभागात रिक्वायर्स-माउंट्स-फॉर लिहून डेटाचा पूर्ण पाथ द्या. शिवाय डिस्क काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला चॅटर प्लस आय (फोल्डर कुलूपबंद करणारी कमांड) लावून ठेवा, मग रूटलासुद्धा (सगळे अधिकार असलेला युजर) तिथे लिहिता येत नाही.

यातही एक खाच आहे. डिस्कची वाट डीफॉल्टने ९० सेकंदच बघितली जाते. तेवढ्यात ती आली नाही तर माउंट फसतो, सर्व्हिस 'डिपेंडन्सी' म्हणून नापास होते, आणि अशा वेळी युनिटमधली रीस्टार्टची ओळ (पडलेली सर्व्हिस पुन्हा सुरू करणारी, तिच्याबद्दल पुढे) कामी येत नाही, कारण सर्व्हिस मुळात सुरूच झालेली नसते. डिस्क हळू उठणारी असेल तर एफएसटॅबमध्ये एक्स-सिस्टिमडी डॉट डिव्हाइस-टाइमआउट वाढवून पाच मिनिटं करा.

नेटवर्कचंही तसंच. युनिटमध्ये आफ्टर (याच्यानंतर सुरू हो) समोर नेटवर्क टार्गेट लिहून काही मिळत नाही. मशीनला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट हवं, आणि ते आफ्टर व वॉन्ट्स या दोन्हींत हवं, कारण आफ्टर फक्त क्रम लावतं, कुणाला बोलावत नाही. नेटवर्कची वाट बघणारी वेट-ऑनलाइनची सर्व्हिस एनेबल आहे ना, तेही बघा. एवढं करूनही राउटर उशिरा उठला तर वाट बघण्याची मुदत संपते आणि तुमची सर्व्हिस नेटवर्कशिवायच सुरू होते. साध्या रीबूटमध्ये हे कधीच दिसणार नाही. राउटर बंद करा. पुन्हा सांगतो, राउटर बंद करा.

यावर उपाय म्हणजे रीस्टार्ट ऑन-फेल्युअर, पण एकटं नाही. दोन प्रयत्नांमधलं अंतर डीफॉल्टने १०० मिलिसेकंद असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरू करून झालं की सिस्टिमडी हात टेकतं. लगेच पडणारी सर्व्हिस तो कोटा डोळ्याची पापणी लवते न लवते तोच संपवते, तेव्हा राउटरचे दिवेही नीट लागलेले नसतात. रीस्टार्टसेक १० करा, म्हणजे ती मर्यादा गाठलीच जात नाही आणि राउटर उठेपर्यंत प्रयत्न चालू राहतात.

पाय-४ किंवा त्याआधीचं मॉडेल असेल तर त्यात लाईट गेल्यावरही चालणारं घड्याळ नाही. पाय-५ मध्ये आहे, पण बॅटरी वेगळी घ्यावी लागते. बूटला तारीख जुनी असते आणि सुरक्षित जोडणीचं सर्टिफिकेट 'अजून लागू नाही' म्हणून नाकारलं जातं. टाइम-सिंक टार्गेट आफ्टरमध्ये घाला आणि टाइमसिंकडी (सिस्टिमडीचा वेळ जुळवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर टाइम-वेट-सिंक एनेबल करा. नोंदींवरच्या वेळाही तेवढ्यापुरत्या खोट्या असतात, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

टर्मिनल उघडल्यावर वाचली जाणारी बॅशआरसी फाइल सर्व्हिससाठी वाचली जात नाही, पाथ पूर्ण लिहा, व्हेरिएबल युनिटमध्ये द्या. रन फोल्डरमध्ये हाताने बनवलेलं काहीही बूटनंतर उरत नाही, युनिटमध्ये रनटाइम-डिरेक्टरी वापरा.

मग चाचणी. आधी मशीन नीट शटडाउन करा, मेमरी कार्ड वापरात असताना वीज तोडू नका. मग मेन स्विच बंद. थोडं थांबा. स्विच चालू, राउटर, डिस्क, मशीन सगळं एकदम, आणि कशालाही हात लावू नका. उठली? पुन्हा एकदा, या वेळी राउटर मुद्दाम पाच मिनिटं उशिरा लावून. मग एकदा डिस्क काढून: सर्व्हिसने सुरू व्हायला नकार दिला पाहिजे. शटडाउन करा, डिस्क लावा, परत चालू करा, तिथल्याच कुणाकडून एक पुस्तक नोंदवून घ्या, आणि ती नोंद डिस्कवर गेली का ते स्वतः उघडून बघा.