क्रूझर सजवायची तर आधी टायर, मग सीट, रंग शेवटी

क्रूझर म्हणजे बुटकी, आरामात बसून लांब पल्ला मारायची बाइक. रॉयल एनफिल्डच्या मिटिऑर ३५० ची ताकद साधारण २० हॉर्सपॉवर, टॉर्क २७ न्यूटन-मीटर आणि वजन १९१ किलो. बजाजच्या ॲव्हेंजर २२० ची ताकदही १९ च्या आसपासच, फक्त गाडी हलकी. अशा इंजिनातून आणखी एक-दोन हॉर्सपॉवर काढायला जो पैसा जातो, त्यात चांगले टायर, ब्रेक पॅड आणि सीट एवढी कामं होऊन जातात. तुळजापूरच्या घाटात फरक कळतो तो याच कामांचा. म्हणून जमिनीला टेकणारं आधी करा, अंगाला लागणारं त्यानंतर आणि डोळ्यांना दिसणारं सगळ्यात शेवटी. रंग शेवटी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. ब्रॅकेट बसवताना, भोक पाडताना, वेल्डिंग करताना नव्या रंगावर ओरखडे येतातच.

कायद्याचं आधीच बघून घ्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलात मनाप्रमाणे बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. कलम १८२अ नुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. मागच्या सीटची पकड, फूटरेस्ट आणि साडीगार्ड हे केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे सक्तीचे आहेत, त्यामुळे बॉबर लूकसाठी, म्हणजे मागचा भाग छाटल्यासारखा दिसावा म्हणून, साडीगार्ड काढून टाकायचा विचार सोडा. रंग बदलणार असाल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या आणि विमा कंपनीलाही कळवा. खाली सांगितलेली बहुतेक कामं बोल्ट काढून पूर्ववत करता येतात. काढलेला प्रत्येक मूळ पार्ट कागदात गुंडाळून जपून ठेवा.

टायर, शॉकअप, ब्रेक

मागे जाड टायर टाकायची हौस सगळ्यांनाच असते. मिटिऑरचा मागचा टायर १४०/७०-१७ आहे, त्याची उंची सुमारे ६२८ मिलिमीटर. १५०/७०-१७ टाकला तर ती ६४२ च्या आसपास जाते, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. गिअरिंग तेवढंच लांबतं आणि पिकअप मंदावतो. त्यातून रिम तीच राहिली तर टायरच्या कडा आत ओढल्या जातात, मधला भाग फुगतो आणि जमिनीला टेकणारा पट्टा वाढायच्या ऐवजी कमी होतो. वळणावर गाडी आधी आडमुठी वाटते आणि मग एकदम कलते. दिसायला रुबाबदार, चालवायला वाईट. मूळ मापातच चांगल्या रबराचा टायर घ्या. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: ३२२४ म्हणजे २०२४ सालचा ३२ वा आठवडा. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. मे महिन्यात भर दुपारी विजापूर रोडवर दहा किलोमीटर चालवून आल्यावर काटा जास्तच दाखवतो. तो पाहून हवा कमी केली की दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ पडलेला असतो.

मागचे शॉकअप बदलण्याआधी आहेत ते नीट लावून बघा. मागचं चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून वरच्या एखाद्या ठरावीक बोल्टपर्यंतचं अंतर मोजा. मग नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्याला तेच अंतर मोजायला सांगा. चाकाच्या एकूण खालीवर होण्याच्या पाव ते एक तृतीयांश इतका फरक यायला हवा. त्याहून जास्त आला तर स्प्रिंग हुक पान्ह्याने एक खाच घट्ट करा, दोन्ही बाजूंना सारखीच. मागे माणूस आणि सामान घेऊन अक्कलकोटला निघालात तर आणखी एक-दोन खाचा. गाडी बुटकी दिसावी म्हणून आखूड शॉकअप लावणारे बरेच असतात. त्यात खड्ड्यावर टायर मडगार्डला घासतो आणि गतिरोधकावर खालचे पाइप आपटतात. साइड स्टँडवर गाडी पुरेशी कलत नाही, जवळजवळ उभीच राहते आणि हलक्या धक्क्याने पलीकडे पडते.

ब्रेकसाठी सिंटर्ड (धातूची भुकटी दाबून केलेले) पॅड आणि स्टीलच्या जाळीचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, हे दोनच बदल पुरतात. होज बदलताना त्याच्या टोकाच्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्ट) तांब्याचे वॉशर नवेच टाका. जुना वॉशर एकदा दबला की दुसऱ्यांदा नीट सील होत नाही. ब्रेक ऑइल डॉट ४ दर्जाचंच, तेही सीलबंद डब्यातलं. ते टाकीवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग उचलला जातो. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत अडकलेली हवा साध्या पंपिंगने कधीकधी पूर्ण निघत नाही, म्हणून हे काम सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्या.

हँडल आणि सीट

हँडल उंच करायचं तर साधारण एक इंचाच्या रायझरपर्यंत (हँडलखाली बसवायचा उंची वाढवणारा ठोकळा) मूळ केबल बहुधा पुरतात. त्याच्या वर गेलात की क्लच केबल, थ्रॉटल केबल आणि ब्रेक होज लांब घ्यावे लागतात. बसवून झाल्यावर इंजिन आयडलवर ठेवा आणि हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. आरपीएम जरा जरी वाढले तर केबल ताणली जातेय, आणि तशी गाडी रस्त्यावर काढायची नाही. नवा हँडल घेताना पकडीची जाडी बघा. २२ मिलिमीटरचे स्विच आणि ग्रिप एक इंची पाइपवर चढत नाहीत.

सीटसाठी जुन्या बाजारातून एक जादा सीट घ्या आणि तिचाच पत्रा वापरा, म्हणजे मूळ सीट शाबूत राहते. फोम दाबून बघा. अंगठा सहज तळाशी पोचला तर पन्नास किलोमीटरनंतर पत्रा टोचणार. मेमरी फोम उन्हात जास्तच मऊ होतो, म्हणून खाली घट्ट पीयू फोम आणि वर पातळ मऊ थर असं करून घ्या. सोलापूरच्या ४२-४३ अंशांत काळं रेक्झिन तापून बसवत नाही, तपकिरी किंवा राखाडी घ्या. शिलाईतून पाणी झिरपतं, म्हणून फोम आणि रेक्झिनच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद टाकायला गादीवाल्याला आठवणीने सांगा.

वायरिंग

सजवलेली गाडी रस्त्यात बंद पडते ती बहुतेक वेळा वायरिंगमुळे. २० वॅटचे दोन एलईडी म्हणजे ४० वॅट, १२ व्होल्टवर साधारण ३.३ अँपिअर. मूळ स्विचवर हा भार टाकू नका, रिले लावा, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसपासून ५ अँपिअरचा फ्यूज, तिथून रिलेची ३० नंबरची पिन. ८७ वरून लाइट. ८६ ला चावी ऑन केल्यावर करंट येणारी वायर, मध्ये वेगळा स्विच. ८५ अर्थला. फ्यूज बॅटरीपासून जितका जवळ तितका चांगला, कारण फ्यूजच्या आधीची वायर घासून उघडी पडली तर तिला कसलंच संरक्षण नसतं. वायर एक चौरस मिलिमीटरची, जोड सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी. नुसती टेप इथल्या उन्हात चिकट होते, सुटते आणि आत धूळ-पाणी जातं. कंपनीची वायर कापू नका, वॉरंटीचा वाद तिथूनच सुरू होतो.

काम झालं की लाइट लावून मल्टिमीटर बॅटरीवर धरा. इंजिन थोडं रेज केल्यावर १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १३ च्या खाली राहिला तर बॅटरी चार्ज व्हायच्या ऐवजी उतरतेय. मिटिऑरला किक नाही, हे लक्षात ठेवा. लाइटचा झोत खाली झुकवा आणि शहरात तो बंदच असू द्या.

इंजिन आणि सायलेन्सर

इथे आमचं मत ठाम आहे: बीएस-६ गाडीचं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेतला धूर स्वच्छ करणारा भाग) काढू नका. मोकळ्या सायलेन्सरने आवाज वाढतो, पण पेट्रोल-हवेचं प्रमाण बिघडलं की थ्रॉटल सोडताना फटफट होते, पाइप निळा पडतो आणि इंजिन तापतं. पीयूसी आणि दंडाचा ताप वेगळाच. उघडा कोन फिल्टर तर इथे नकोच. पावसाळा संपला की काळ्या मातीचा जो फुफाटा उडतो, तो थेट सिलिंडरमध्ये जाऊन रिंग खातो. मूळ एअर फिल्टर मॅन्युअलपेक्षा लवकर बदला. चेन स्वच्छ आणि योग्य ताणाची ठेवा, क्लच लिव्हरची मोकळी हालचाल (फ्री प्ले) बघा. गाडी मोकळी पळायला लागते.

रंग

टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढा, वाफ जाऊ द्या. आधी ग्रीस काढणाऱ्या सॉल्व्हंटने पुसा, मग ३२० चा घासायचा पेपर, इपॉक्सी प्रायमर, गरज असेल तिथेच लांबीचा (पुट्टीचा) पातळ थर, नंतर ६०० ते ८०० चा वॉटर पेपर. बेस कोटवर टू-के क्लिअरचे, म्हणजे हार्डनर मिसळून मारायच्या पारदर्शक थराचे, दोन हात. उन्हाळ्यात स्लो थिनर मागून घ्या. साधा थिनर भांड्यातून टाकीवर पोचेपर्यंत उडतो आणि पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा होतो. फवारणी सकाळी लवकर करा, दुपारच्या वाऱ्यात धूळ बसते. लवकर वाळावं म्हणून टाकी कडक उन्हात ठेवली तर आतलं थिनर फोड आणून बाहेर पडतं. मॅट रंगावर पॉलिश कधीच नको, चट्टे पडतात. क्रॅशगार्डला पावडर कोटिंग जास्त टिकतं, पण ते भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजतात, म्हणून रबरी बुश आणि बेअरिंग आधी काढून द्या. गाडी धुताना आधी पाण्याने धूळ जाऊ द्या, मग टर्किश टॉवेलने टिपा. टॉवेल नवा असेल तर आधी दोनदा धुवा, त्याची खळ आणि सुटे धागे निघून जातात.

सगळं बसल्यावर शंभर किलोमीटर चालवा आणि हँडल क्लॅम्प, शॉकअप, ॲक्सल आणि लाइटच्या ब्रॅकेटचे बोल्ट टॉर्क पान्ह्याने मॅन्युअलमधल्या आकड्यावर पुन्हा तपासा. प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करने एक रेघ ओढून ठेवली की तो ढिला झाला तर पुढच्या वेळी नुसतं बघून कळतं.