भिन्नधर्मीय प्रेमाचा तमिळ चित्रपट कसा पाहावा

भिन्नधर्मीय प्रेमिकांवरचे वास्तववादी तमिळ चित्रपट मराठी प्रेक्षक बहुधा गाण्यांसाठी किंवा दंगलीच्या प्रसंगांसाठी पाहतो. त्या दोन्हींत कला असते. पण चित्रपट कितपत खरा आहे हे ठरवायचे असेल, तर दोन घरांतला रोजचा व्यवहार, विवाह नोंदणीची प्रक्रिया आणि लग्नासाठी कोणाला काय सोडावे लागले याचा हिशेब, या तीन ठिकाणी लक्ष द्यावे. माझ्या मते अशा चित्रपटाची पारख तिथेच होते.

सुरुवातीला तीन चित्रपट निवडावेत आणि ते कालक्रमाने पाहावेत: भारतीराजा यांचा ‘अलैगळ ओय्वदिल्लै’ (1981), मणिरत्नम यांचा ‘बॉम्बे’ (1995) आणि गौतम मेनन यांचा ‘विण्णैत्तांडी वरुवाया’ (2010). पहिल्यात ब्राह्मण मुलगा आणि ख्रिस्ती मुलगी आहे, दुसऱ्यात हिंदू मुलगा आणि मुस्लिम मुलगी, तर तिसऱ्यात तमिळ हिंदू मुलगा आणि मल्याळी ख्रिस्ती मुलगी. शक्य असेल तर हिंदी डबिंग टाळून मूळ तमिळ आवृत्ती उपशीर्षकांसह पाहावी, कारण पात्र कोणत्या भागातले आणि कोणत्या थरातले आहे हे बोलण्याच्या ढंगातून कळते आणि डबिंगमध्ये नेमका तोच ढंग पुसला जातो.

पहिल्या वीसेक मिनिटांत एकच प्रश्न मनात ठेवावा: हे कुटुंब नेमके कुठले? ‘मुस्लिम’ किंवा ‘ख्रिस्ती’ एवढ्या ओळखीने तमिळनाडूत काहीच पुरेसे कळत नाही. कीळकरै, कायलपट्टिणम यांसारख्या किनाऱ्यावरच्या गावांतील मरक्कायर हे समुद्रव्यापाराची परंपरा असलेले तमिळभाषक मुस्लिम आहेत. वेल्लूर, आंबूर, वाणियंबाडी या चामड्याच्या धंद्याच्या पट्ट्यात उर्दू बोलणारी मुस्लिम घरे मोठ्या संख्येने आढळतात. तूत्तुकुडीच्या किनाऱ्यावरचे कॅथलिक मच्छीमार आणि तिरुनेलवेलीकडचे प्रोटेस्टंट यांची प्रार्थना, पेशा आणि सोयरिकीची वर्तुळेही वेगवेगळी आहेत. ज्या चित्रपटातले मुस्लिम घर केवळ जाळीदार खिडक्या, अत्तर आणि दोन-चार उर्दू शब्दांवर उभे केलेले असते, त्याने अभ्यास टाळला आहे असे खुशाल समजावे.

याच टप्प्यावर जातीचाही शोध घ्यावा, कारण धर्मांतरानंतरही जात मागे राहते आणि तमिळ ख्रिस्ती समाजात तिचे अस्तित्व आजही ठळक आहे. पुष्कळ चित्रपट दोन धर्मांची भिंत दाखवताना जातीची भिंत सोयीस्करपणे विसरतात. मुलगा-मुलगी दोघेही आपापल्या समाजातल्या वरच्या थरातली निवडली की पटकथेला हा प्रश्न टाळता येतो. तुलनेसाठी बालाजी शक्तिवेल यांचा ‘कादल’ (2004) जरूर पाहावा. त्यात धर्माचा प्रश्न नाही. मदुरैतला एक गॅरेजमधला कारागीर आणि वरच्या जातीतल्या सधन घरातली शाळकरी मुलगी यांची ती गोष्ट आहे. परंतु पळून गेलेल्या जोडप्याला शहरात राहायला जागा शोधताना काय सोसावे लागते, हे तो ज्या बारकाईने दाखवतो ती बारकाई इतर चित्रपटांना लावायची मोजपट्टी म्हणून वापरता येते.

यानंतर दोन घरांमधला व्यवहार पाहावा. ‘बॉम्बे’तील माझ्या मते सर्वांत खरा भाग शहरातल्या दंगलीपूर्वीचा, गावातला आहे. मुलीचा बाप बशीर विटा पाडणारा, मुलाचा बाप नारायण पिळ्ळै गावातला वजनदार माणूस. प्रेमप्रकरण उघड झाल्यावर पिळ्ळै रागाच्या भरात बशीरकडेच रामाच्या नावाच्या विटांची मागणी करतो. हा प्रसंग पुन्हा मागे नेऊन पाहावा आणि एवढेच तपासावे की धर्माचा वाद इथे कोणत्या वस्तूतून आणि कोणत्या धंद्यातून बोलतो आहे. दोघे एकाच गावात वावरणारे, एकमेकांना नावाने ओळखणारे आहेत, त्यामुळे अपमानालाही नेमका पत्ता मिळतो. याच्या जोडीला एक गोष्ट ठाऊक असावी: हिंदू बापाची भूमिका नासर यांनी आणि मुस्लिम बापाची किट्टी यांनी केली आहे, म्हणजे दोन्ही नटांनी पडद्यावर दुसऱ्या धर्माचा बाप उभा केला आहे. दिग्दर्शकाची ही निवड मला आजही फार मोलाची वाटते.

लग्नाच्या प्रसंगाशी आलात की कायदा हाताशी ठेवावा. इथेच बहुतेक चित्रपट घसरतात. धर्म न बदलता लग्न करायचे तर भिन्नधर्मीय जोडप्यासाठी मुख्य मार्ग 1954 च्या विशेष विवाह कायद्याचा आहे. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान 30 दिवस राहिला आहे, तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशा जागी लावली जाते, आणि 30 दिवसांत वैध हरकत आली नाही तरच तीन साक्षीदारांसमोर लग्न लागते. त्याहून महत्त्वाची तरतूद अशी की, दोघांपैकी कोणी त्या जिल्ह्यातले कायमचे रहिवासी नसतील, तर नोटिशीची प्रत त्यांच्या कायमच्या जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याकडेही लावण्यासाठी जाते. चेन्नईत लपून राहिलेल्या मुलीचे नाव तिच्याच गावाकडच्या कार्यालयाच्या फलकावर महिनाभर झळकू शकते, यापेक्षा धास्तीचा प्रसंग पटकथाकाराला आणखी कोणता हवा? तरीही चित्रपटांत जोडपे सकाळी कार्यालयात शिरते आणि हार घालून तासाभरात बाहेर येते. हा महिना ज्याने दाखवला, त्या चित्रपटाला माझ्याकडून अर्धे गुण तिथेच मिळतात.

तमिळनाडूत पुरोहिताविना, हार किंवा अंगठ्यांची अदलाबदल करून होणारा स्वाभिमान विवाहही दिसतो. पेरियारांच्या चळवळीतून आलेल्या या पद्धतीला राज्याने 1967 च्या दुरुस्तीने कायदेशीर मान्यता दिली. मात्र ती दुरुस्ती हिंदू विवाह कायद्यातली असल्यामुळे दोघेही हिंदू असतील तरच लागू होते. म्हणून भिन्नधर्मीय जोडप्याने केवळ हार घातले आणि सगळे सुरळीत झाले असे दाखवले, तर त्यांच्यापैकी कोणाचे धर्मांतर पटकथेने गुपचूप गृहीत धरले आहे का, हे विचारावे. ख्रिस्ती विवाहाचे तसे नाही: 1872 च्या कायद्यानुसार दोघांपैकी एकजण ख्रिस्ती असला तरी चालते, अर्थात चर्चच्या स्वतःच्या अटी असतातच.

कोण काय सोडतो याचा हिशेब त्यानंतर मांडावा. ‘अलैगळ ओय्वदिल्लै’च्या शेवटी मुलगा जानवे आणि मुलगी क्रूस टाकून देते आणि दोघे निघून जातात. त्या काळी हा शेवट धाडसाचा होता आणि मला त्याविषयी आदर आहे. पण दोघांचे ओझे सारखेच हलके झाले असे दाखवणे हे स्वप्नरंजन आहे. प्रत्यक्षात नाव, पोशाख, स्वयंपाक आणि सणवार बदलण्याची अपेक्षा बहुधा मुलीकडून होते. म्हणून चित्रपट पाहताना लग्नानंतर मुलीचे नाव, कपाळ आणि ताट यांत काय बदलले आणि मुलाचे काय बदलले, हे दोन रकान्यांत लिहून काढावे. अपत्यांची नावेही त्यातच टिपावीत: ‘बॉम्बे’तील जुळ्या मुलांना, कबीर नारायण आणि कमल बशीर यांना, दोन्ही आजोबांची नावे मिळाली आहेत.

गाण्यांबाबत फार काही सांगण्याची गरज नाही. ती कथेचा वेळ थांबवतात. थांबलेल्या वेळात पात्रे कोणाची नजर चुकवत आहेत तेवढे पाहावे.

शेवटाचा विचार करण्यासाठी ‘विण्णैत्तांडी वरुवाया’ची तमिळ आवृत्ती आणि त्याच दिग्दर्शकाने एकाच वेळी केलेली तेलुगू आवृत्ती ‘ये माया चेसावे’ पाठोपाठ पाहाव्यात. तमिळमध्ये कार्तिक आणि जेसी दुरावतात, तेलुगूमध्ये त्यांचे लग्न होते, आणि बाकीची गोष्ट जवळपास तीच आहे. जेसी वयाने मोठी आहे, घरच्यांचा धाक तिला मनापासून वाटतो आणि ती वारंवार मागे फिरते. तिची ही चलबिचल दोन्ही आवृत्त्यांत कुठे सारखी आहे आणि कुठे बदलली आहे, हे एकेका प्रसंगागणिक टिपावे, म्हणजे सुखान्त तिच्या स्वभावातून आला की बाहेरून जोडला गेला हे तुमचे तुम्हालाच ठरवता येईल. त्यानंतर फाझिल यांचा ‘कादलुक्कु मरियादै’ (1997) लावावा: त्यात हिंदू मुलगा आणि ख्रिस्ती मुलगी घरच्यांना दुखवायचे नाही म्हणून आपापल्या घरी परततात, आणि पुढचे पाऊल मोठ्यांना उचलावे लागते.