घराला रंग काढताना घडीची शिडी कशी वापरावी

दसरा-दिवाळीच्या आधी घरच्या घरी रंग काढायचं ठरलं की सगळ्यात आधी स्टूल बाहेर निघतं. स्टुलावर पाट, पाटावर आपण, आणि खालून कुणीतरी "पडशील हं!" म्हणत उभं. त्यापेक्षा ॲल्युमिनियमची घडीची मल्टिपर्पज शिडी केव्हाही बरी. फक्त ती तीन-चार रूपं घेते आणि प्रत्येक रूपाचे नियम थोडे निराळे असतात.

घरगुती वापराची नेहमीची शिडी चार तुकड्यांची असते, दर तुकड्याला तीन पायऱ्या. तुकडे तीन जागी जोडलेले आणि दर जागी दोन बाजूंना एकेक, अशा सहा बिजागऱ्या. शिडीचा सगळा जीव या सहा बिजागऱ्यांत असतो.

उघडताना. शिडी उभी धरून उघडायला जाऊ नका. जमिनीवर आडवी घाला, खटका सोडवा आणि तुकडा सावकाश फिरवा. बोटं बिजागरीपासून लांब हवीत, नाहीतर चांगलीच चेमटतात. हवा तो कोन आला की 'खट्' असा आवाज येतो. दर जोडावर दोन्ही बाजूंचा खटका बसला पाहिजे. आमच्या शिडीत एकदा पुट्टीचा चुरा जाऊन एका बाजूचा खटका अर्धाच बसायचा. दिसायला सगळं सरळ, पण दांडा धरून हलवला की चुगली करायचा. तेव्हापासून कानावर भरवसा न ठेवता सहाही बिजागऱ्या हाताने हलवून बघतो. पायांचे रबरी बूट झिजलेत का आणि किती किलो वजन चालेल ते स्टिकरवर काय लिहिलंय, तेही याच वेळी बघून घ्या. वजन मोजताना आपल्याबरोबर रंगाचा डबाही धरायचा.

जमीन. इथे बहुतेकजण फसतात. फरशीवर रंग सांडू नये म्हणून आपण वर्तमानपत्रं किंवा प्लास्टिक अंथरतो आणि शिडी त्याच्यावरच उभी करतो. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स, त्यावर कागद, त्यावर शिडी: ती सरकणारच. शिडीचे पाय टेकतात तेवढी जागा कागद बाजूला करून मोकळी करा, ओल्या फडक्याने पुट्टीची भुकटी पुसा आणि फरशी कोरडी झाल्यावरच शिडी ठेवा. फरशीवर पडलेले थेंब नंतर पुसता येतील. एक पाय अधांतरी राहत असेल तर खाली पुठ्ठ्याची घडी सारू नका, सरळ जागा बदला.

घोडा. दोन्हीकडे दोन-दोन तुकडे करून उलट्या 'व्ही'सारखी उभी केली की तिला रंगारी घोडा म्हणतात. घरातलं निम्म्याहून जास्त काम यावर होतं. वरच्या दोन पायऱ्यांवर उभं राहायचं नाही. खालून चौथ्या पायरीवर तुम्ही जमिनीपासून साधारण साडेतीन फूट वर असता. मध्यम उंचीच्या माणसाचा हात तिथून दहा फुटांपर्यंत सहज पोचतो. फ्लॅटच्या छताला तेवढं पुरतं. तोंड नेहमी शिडीकडे. घोड्याला पाठ लावून रंग देणं सोयीचं वाटतं, पण ब्रशला जोर दिला की तोल जातो.

टेकवून. सरळ शिडी भिंतीला लावायची तर चार फूट उंचीला एक फूट, असं पायाचं अंतर ठेवा. फूटपट्टी लागत नाही. शिडीच्या पायाला चवडे टेकवून ताठ उभे राहा आणि हात समोर लांबवा. तळवे खांद्याच्या उंचीवर दांड्याला लागले की कोन बरोबर आला. वरच्या तीन पायऱ्या सोडून द्यायच्या. खिडकीची काच, पीव्हीसी पाइप, पडद्याचा रॉड यांवर शिडी टेकवू नका. नव्या पुट्टीवर वळ उठू नयेत म्हणून वरच्या टोकांना जुने मोजे घट्ट बांधले तर छान काम होतं.

मचाण. मधले दोन तुकडे आडवे करून वर फळ्या टाकल्या की लांब भिंतीला एका दमात रोलर मारता येतो. त्या शिडीसाठीच बनवलेल्या फळ्या घ्या. घरातलं प्लायवूड नुसतं टाकलं तर टोकावर पाय पडताच दुसरं टोक वर येतं. एका वेळी एकच माणूस.

आता सगळ्यात मोठा शत्रू: आळस. "एवढी एक वीतच राहिलीय" म्हणून माणूस कडेला झुकतो. माझा हिशेब सोपा आहे. बेंबी दोन्ही उभ्या दांड्यांच्या मध्ये हवी. ती बाहेर जायला लागली की उतरायचं, शिडी सरकवायची, परत चढायचं. वर उभं राहून शिडीला उड्या मारत पुढे नेणारेही असतात. त्यांचं कौतुक लांबूनच करावं. रंगाचा डबा अर्धा भरून तारेच्या आकड्याने पायरीला अडकवा, म्हणजे एक हात शिडी धरायला मोकळा राहतो. पायात स्लिपर नको, बूट घाला. ओढणी, पदर, लुंगी खोचून घ्या.

छताला हात लावण्याआधी पंखा बंद करा आणि बटणावर चिकटपट्टी लावा, कारण घरात कुणालातरी नेमकं तेव्हाच उकडतं. ॲल्युमिनियममधून वीज वाहते, म्हणून दिव्याच्या तारांना हात लावायचा असेल तर ही शिडी नकोच. तिथे फायबरग्लासची किंवा कोरडी लाकडी शिडी घ्यावी, आणि मेन स्विच तरीही बंदच ठेवावा.

रंग झाला की आकाशकंदील आलाच. गॅलरीत कठड्यालगत शिडी लावू नका. दोन पायऱ्या चढलात की कठडा गुडघ्याशी येतो, मग तो असून नसल्यासारखा. कंदील काठीला आकडी लावून खालूनच टांगा.

काम संपलं की बिजागऱ्यांतला चुरा जुन्या टूथब्रशने काढा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब सोडा. तेल पायरीवर ओघळलं तर लगेच पुसून घ्या.