जुनी ग्लान्झा, अर्बन क्रूझर नायतर टेरानो घ्यायचीय? कोकणात गाडी अशी बघा

आपल्याकडे आंब्याचं एक दुखणं आहे, फळ बाहेरचं आणि पेटीवर नाव देवगडचं. गाड्यांमध्ये याच्या उलट चालतं, फळ तेच पण पेटी वेगळी. एका कंपनीनं बनवलेली गाडी दुसरी कंपनी आपला लोगो लावून विकते, त्याला बॅज इंजिनिअरिंग म्हणतात. टोयोटा ग्लान्झा म्हणजे मारुती बलेनो, जुनी छोटी अर्बन क्रूझर म्हणजे व्हिटारा ब्रेझा, निसान टेरानो म्हणजे रेनॉ डस्टर. सेकंडहँड घेणाऱ्याला यात चांगली संधी असते आणि फसायलाही तेवढाच वाव असतो.

अमेरिकेत याचं एक मस्त उदाहरण होऊन गेलं. पॉन्टिॲक व्हाइब नावाची छोटी स्पोर्ट वॅगन (मागं लांब डिकीची गाडी) होती, आतून टोयोटा मॅट्रिक्सची जुळी बहीण, इंजिन कोरोलाच्या घरातलं, बनायची कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टला जनरल मोटर्स आणि टोयोटाच्या भागीदारीतल्या कारखान्यात. पुढे पॉन्टिॲक हा ब्रँडच बंद झाला, पण आतलं सामान टोयोटाचं असल्यामुळे जुनी व्हाइब घेणाऱ्याचं काही अडलं नाही. आपल्याकडे वॅगन कधी चाललीच नाही, मारुतीची बलेनो अल्टुरा आणि टाटाची इंडिगो मरीना आली न गेली. त्यामुळे चार माणसं, डिकीत दोन पेट्या आणि घाट चढायची ताकद एवढं हवं असेल तर आपण वरच्या तीन गाड्यांकडेच येतो. मी स्वतः २०१९ ची ग्लान्झा वापरतो, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलणार, सांभाळून घ्या.

आधी घरी बसून जुळी गाडी शोधा

गाडी बघायला जायच्या आधी दोन्ही जुळ्यांचे भाव काढा. तेच वर्ष, तेवढेच किलोमीटर, तेच इंजिन, तोच गिअरबॉक्स, एकीवर टोयोटाचा लोगो न एकीवर सुझुकीचा. ग्लान्झा जून २०१९ ला आली, बनते गुजरातमध्ये हंसलपूरला, बलेनो बनते त्याच ठिकाणी. तेव्हा टोयोटा ३ वर्षं किंवा १ लाख किमी वॉरंटी देत होती आणि मारुती २ वर्षं किंवा ४० हजार किमी, म्हणजे नवी घेणाऱ्यानं ग्लान्झाला चार पैसे जास्त दिले असतील तर त्याला कारण होतं. पण ती वॉरंटी आता संपली ना? मग तिचे पैसे तुम्ही कशाला भरताय. मालक म्हणेल, अहो टोयोटा आहे ही. त्याला म्हणायचं हो, आणि बलेनोचा भाव मोबाइलवर काढून दाखवायचा.

नावांचा पण घोळ आहे तो समजून घ्या. नुसती 'अर्बन क्रूझर' म्हणजे सप्टेंबर २०२० ते २०२२ मधली छोटी, १.५ पेट्रोल, १०५ पीएसची (पीएस म्हणजे इंजिनाची ताकद). नंतर टोयोटानं तेच नाव पुढे लावून हायरायडर काढली, ती मारुतीच्या ग्रँड विटाराची जोडीदार, आणि २०२४ ला टायसर काढली, ती मारुतीच्याच फ्रॉन्क्सची. जाहिरातीत लोक तिन्हीला अर्बन क्रूझरच लिहितात आणि आपण फोटो न बघता चिपळूणहून कुडाळला जातो. (मी गेलोय.)

ग्लान्झात सुद्धा दोन इंजिनं होती पहिल्या पिढीत, साधं ८३ पीएसचं आणि स्मार्ट हायब्रीडवालं (छोट्या बॅटरीची मदत असलेलं) ९० पीएसचं. मार्च २०२२ पासूनच्या नव्या गाडीत ९० पीएसचंच. दोन्हींना टायमिंग चेन आहे, बेल्ट बदलायची कटकट नाही. टेरानोच्या दीड लिटर डिझेलला मात्र बेल्ट आहे, तो कधी बदलला त्याचं बिल मागायचं, बिल नसेल तर बदललाच नाही असं धरून पैसे वजा करायचे. टेरानो भारतात २०२० च्या सुमारास बंद झाली, पण डस्टरचं सामान चालतं म्हणून घाबरायचं काही नाही. २०५ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स आहे तिला, वाडीतल्या जांभ्याच्या रस्त्यावर हे सोनं आहे, ग्लान्झा १७० लाच आहे आणि चार माणसं बसली की माझी खाली घासते, खोटं कशाला बोलू.

सुरक्षेचं म्हणाल तर पत्र्याखाली ग्लान्झा आणि बलेनो एकच आहेत. २०२१ ला लॅटिन एनकॅपनं (गाड्या ठोकून सुरक्षा तपासणारी संस्था) भारतात बनलेल्या दोन एअरबॅगवाल्या बलेनोला शून्य स्टार दिले होते, तेव्हा समोर टोयोटाचा लोगो आहे म्हणून जुनी ग्लान्झा जास्त मजबूत असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. व्हिटारा ब्रेझाला ग्लोबल एनकॅपमध्ये २०१८ ला मोठ्या माणसांसाठी ४ स्टार होते, लहान मुलांसाठी मात्र २, तरी सुरक्षा आधी बघायची तर मी अर्बन क्रूझरकडे झुकेन.

पूर बघितलेली गाडी ओळखा

कोकणात सगळ्यात जास्त वेळ इथं घालवा, बाकीचं नंतर. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी आणि महाडात सावित्री घरात शिरली तेव्हा किती गाड्या पाण्यात होत्या ते आपण बघितलंय. त्याआधी ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर. अशा गाड्या धुऊन पुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जातात, म्हणून एमएच ०९ (कोल्हापूर), एमएच १० (सांगली) ची गाडी कोकणात आणि एमएच ०८ (रत्नागिरी) ची गाडी लांब पनवेलला विकायला उभी दिसली की जरा डोळे उघडे ठेवा. नंबर बाहेरचा म्हणजे गाडी वाईट असं नाही, पण विचारायचं.

बघायचं कसं, तर सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, तिथं मातीची रेघ असते. सीट पुढं सरकवून रुळावरचे बोल्ट बघा गंजलेत का. डिकीतलं कार्पेट उचला, स्टेपनी बाहेर काढा, तिच्या खड्ड्यात गाळ नायतर लाल चिखल सुकलेला दिसतो का बघा. हेडलाइटच्या आत पाण्याची खूण. डॅशबोर्डखालचा फ्यूज बॉक्स टॉर्च मारून बघा, फ्यूजच्या पायांवर हिरवट पडलं असेल तर तिथूनच मागे फिरा. स्मार्ट हायब्रीडवाल्या गाडीत एक छोटी लिथियम बॅटरी जास्तीची असते, तिनं पाणी खाल्लं असेल तर खर्च वेगळाच. आणि गाडीत बसल्या बसल्या अत्तराचा घमघमाट आला तर काच खाली करून दहा मिनिटं थांबा, मग खरा वास येतो.

कागदावर पण पूर सापडतो. इन्शुरन्सच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी मागा, नुसती चालू वर्षाची नाही. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस दरवर्षी वाढतो, २० टक्के, मग २५, ३५, ४५, ५०. मध्येच एका वर्षी तो शून्यावर आला तर त्याआधीच्या वर्षी बहुतेक क्लेम झालाय नायतर मालक बदललाय, काय झालं ते मालकाला विचारा, आणि सर्व्हिस सेंटरला मालकाला सोबत घेऊन जाऊन त्या महिन्यांचं जॉबकार्ड (केलेल्या कामाची नोंद) बघा.

खारा वारा, म्हावरं आणि उंदीर

हर्णै, गुहागर, मालवण, वेंगुर्ला असल्या किनाऱ्यावरच्या गावातली गाडी वरून चकाचक असते आणि खालून खाल्लेली. गाडी वॉशिंगच्या रॅम्पवर नायतर जॅकवर घेऊन खालून बघा, फोटो चालणार नाही. सायलेन्सरचे जोड, दरवाज्याच्या खालच्या कडा (तिथं पाणी निघायची भोकं असतात ती मातीनं बंद झाली की पत्रा आतून सडतो), बॅटरीखालचा ट्रे, बॉनेट उघडल्यावर सस्पेन्शनच्या डोक्यावरचा पत्रा. वरवरचा तपकिरी थर चालेल, स्क्रू ड्रायव्हरच्या मागच्या बाजूनं टोकल्यावर पापुद्रा निघाला तर नाही चालणार. खाली नुकतंच काळं कोटिंग मारलेलं असेल तर त्याच्याखाली काय आहे ते आधी विचारा.

डिकीत म्हावऱ्याच्या पेट्या नेल्या असतील तर बर्फाचं खारट पाणी कार्पेटखाली जातं. वास गेला तरी गंज राहतो.

दुसरा प्रकार म्हणजे चाकरमान्याची गाडी. गावच्या घरासमोर ताडपत्रीखाली, वर्षातून गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चालते, ७ वर्षांत १८ हजार किमी. ऐकायला गोड. पण टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, नक्षी नवी दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. बॅटरी गेलेली, ब्रेक डिस्क गंजलेल्या, आणि बॉनेटखाली उंदरानं संसार थाटलेला. वायरिंग कुरतडलेली दिसली नाही तरी सगळे स्विच, सगळ्या काचा, सगळे दिवे एकेक करून चालवा. मला माझ्या गाडीत मागचा वायपर मेलेला आहे हे पहिल्या पावसात कळलं, विकणाऱ्यानं सांगितलं नाही न मी विचारलं नाही.

चालवून बघा, आणि घाटातच

मालकाला आदल्या रात्री सांगून ठेवा की सकाळी मी आल्याशिवाय स्टार्ट करू नका. थंड इंजिन काय आवाज करतं तेच खरं. मग सपाट हायवेवर नाही, घाटात न्या. चिपळूणच्या बाजूला असाल तर पोफळीवरून कुंभार्ली, रत्नागिरीकडून आंबा, सावंतवाडीकडून आंबोली. एसी चालू, चार माणसं आत. चढावावर थांबून दुसऱ्यांदा उचला, क्लच फार वर पकडतोय किंवा जळका वास येतोय तर क्लचप्लेट आली समजा, आमच्याकडे घाटातल्या गाड्यांचं हे नेहमीचंच. उतरताना ब्रेकवर स्टिअरिंग थरथरतं का बघा.

जुन्या ग्लान्झाच्या ऑटोमॅटिकला सीव्हीटी (गिअरचे टप्पे नसलेला गिअरबॉक्स) आहे, घाटात इंजिन ओरडतं आणि गाडी मागून सावकाश येते, तो तिचा स्वभाव आहे, बिघाड नाही. थांबून उचलताना गचके बसले तर मात्र बिघाड. २०२२ नंतरच्या ग्लान्झाच्या ऑटोमॅटिकला एएमटी (साधाच गिअरबॉक्स, गिअर आपोआप पडणारा) आहे, ती वेगळी चीज, गिअर बदलताना मान हलते, बायकोला आधी चालवायला द्या.

२०१९ च्या गाडीला एक गोष्ट नक्की विचारा. जुलै २०२० मध्ये मारुतीनं फ्युएल पंपासाठी बलेनो आणि वॅगनआर मिळून १ लाख ३४ हजार ८८५ गाड्या परत बोलावल्या होत्या, आणि टोयोटानं त्याच कारणासाठी साधारण साडेसहा हजार ग्लान्झा. चासी नंबर घेऊन टोयोटाच्या सर्व्हिस सेंटरला फोन करा, पंप बदललाय का ते सांगतात.

सोबत मेकॅनिक न्या. आणि इथं बॅजचा खरा फायदा, टोयोटाचा मेकॅनिक शोधत बसू नका, तुमच्या तालुक्यातला मारुतीचा माणूस चालतो, त्यानं बलेनो शंभर वेळा खोललेली असते.

कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून आरसी बघा, कितवा मालक, फायनान्सचा बोजा आहे का, इन्शुरन्स, पीयूसी. ई-चलान वेगळं बघा, मुंबई-गोवा हायवेवरच्या स्पीडचे दंड लोक विसरतात आणि ते तुमच्या गळ्यात येतात. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०. गोव्याची गाडी स्वस्त दिसते, पण तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि महाराष्ट्राचा टॅक्स नव्यानं भरावा लागतो, तो धरून हिशोब करा, बहुतेक वेळा स्वस्ताई तिथंच संपते.

मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर गाडी व्हायला हवी, त्याला फॉर्म ३१. आपल्याकडे सातबाऱ्यावर जशी दहा नावं तशी गाडीच्या मागं पण एक मुंबईचा भाऊ न एक बडोद्याची बहीण निघते, विसार द्यायच्या आधी सगळ्यांचं एकमत आहे का विचारून घ्या.

अजून एक बारीक खूण, १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना कंपनीकडूनच हाय सिक्युरिटी नंबरप्लेट येते. म्हणजे ग्लान्झा आणि अर्बन क्रूझर दोघींना ती असणारच. साधी प्लेट लावलेली दिसली तर मूळची कुठं गेली? बहुतेक वेळा उत्तर असतं की पुढून ठोकली होती, मग बंपर, रेडिएटरचा सपोर्ट आणि बॉनेटचे बोल्ट परत एकदा बघायचे.

पैसे बँकेतूनच, विसाराची पावती लिहून, त्यात गाडीचा नंबर आणि 'कागद क्लिअर नसल्यास विसार परत' एवढी एक ओळ.

घासाघीस पावसात करा. जून-जुलैत गिऱ्हाईक कमी असतं, आणि काच, डिकी कुठून गळतं ते पण दिसतं. गणपतीच्या आधी महिनाभर भाव चढतो, तेव्हा घाई करणाऱ्याला मालक बरोबर ओळखतो.

गाडी घरी आली की १४ दिवसांच्या आत इन्शुरन्स आपल्या नावावर करायला टाका, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तेव्हा प्रीमियमचा थोडा फरक भरावा लागेल. इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल सरसकट बदला. फिल्टर घेताना दुकानदाराला ग्लान्झा म्हणालात तर तो म्हणेल मागवावं लागेल, दोन दिवस लागतील. बलेनो म्हणा, फळीवरून काढून देतो.