अपघातात घरचा माणूस गेला तर भरपाईचा क्लेम कसा लावायचा

घरातलं कोणी रोड अपघातात गेलं की सुरुवातीचे दिवस कोणालाच काही सुचत नाही, आणि नेमके त्याच दिवसांत पोलीस स्टेशनात आणि हॉस्पिटलात ते कागद तयार होत असतात ज्यांच्यावर पुढचा सगळा क्लेम उभा राहणार असतो. म्हणून नात्यातला एक जण, मेव्हणा असो की चुलतभाऊ, ज्याचं कागदपत्रांत डोकं चालतं त्याला या कामाला लावून टाका, दिवसकार्याच्या गडबडीतून त्याला मोकळा ठेवा.

आधी एफआयआरची कॉपी घ्या आणि शांतपणे वाचा. गाडीचा नंबर बरोबर आहे का, तारीख-वेळ, ठिकाण, मयताचं नाव आधारवर आहे तसंच आहे का. एक आकडा चुकला तरी धडक देणाऱ्या गाडीची इन्शुरन्स कंपनी म्हणणार ही गाडी आमची नाहीच, त्यामुळे चूक दिसली की लगेच तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्या, चार्जशीट जाईपर्यंत थांबू नका. कोणी अपघात डोळ्यांनी पाहिला असेल तर त्याचं नाव-नंबर घ्या आणि पोलिसांनी त्याचा जबाब नोंदवला का ते बघा, कारण दोन वर्षांनी अचानक उगवलेल्या साक्षीदारावर कोर्ट सहजासहजी विश्वास ठेवत नाही. मग घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम म्हणजे पोस्टमॉर्टेम रिपोर्ट, मृत्यू दाखला, गाडीचं आरसी (नोंदणीचं कार्ड), पॉलिसी, ड्रायव्हरचं लायसन्स. माणूस हॉस्पिटलात काही दिवस काढून गेला असेल तर ॲडमिशनपासूनचे सगळे पेपर आणि बिलं जपा, आणि पीएम नको म्हणून सही करून बॉडी घेऊन जाऊ नका. मृत्यू अपघाताच्या जखमांनीच झाला हे नंतर सिद्ध करताना नाकी नऊ येतात.

पोलिसांचंही यात काम असतं, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०२२ पासूनच्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणाला आणि इन्शुरन्स कंपनीला पाठवायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल, म्हणजे डीएआर. तो गेला का, हे स्टेशनात जाऊन विचारा, गोड बोलून पण विचारा. त्या अहवालावरूनही न्यायाधिकरण क्लेम चालवू शकतं, पण त्याच्या भरवशावर बसू नका, स्वतःचा अर्ज टाका.

हा अर्ज जातो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, ज्याला सगळे एमएसीटी म्हणतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १६६. अपघात लांब कुठेतरी झाला असला तरी तुम्ही राहता त्या भागातल्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, त्यामुळे दर तारखेला प्रवास नको. मुदत अपघाताच्या तारखेपासून ६ महिने. ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे, तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या आशेवर कोणी दिवस घालवू नयेत. ड्रायव्हरवरची फौजदारी केस वेगळी चालते, तिच्या निकालाची वाट बघायची गरज नाही आणि ड्रायव्हर तिथे सुटला म्हणून तुमचा क्लेम आपोआप पडतही नाही, कारण इथे पुरावा फौजदारी केसइतका कडक लागत नाही.

कलम १६४ चा दुसरा रस्ता आहे, त्यात चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही, मृत्यूला सरसकट ५ लाख मिळतात. कमावता माणूस गेला असेल तर १६६ मध्ये बहुतेक वेळा खूप जास्त मिळतं, त्यामुळे लवकर मिळतायत म्हणून घाईने १६४ वर सही करू नका. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर हिट अँड रनची वेगळी योजना आहे, मृत्यूला २ लाख, तो अर्ज कोर्टात नाही तर प्रांत किंवा तहसीलदारांकडे जातो. आणि मयत स्वतःचीच गाडी चालवत होता तर त्याच्या पॉलिसीत १५ लाखांचं पर्सनल ॲक्सिडेंट कव्हर आहे का बघा. ती पॉलिसी ड्रॉवरमध्ये तशीच पडून राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता खरी मेख. रक्कम कशी ठरते हे घरच्यांना माहीत नसतं म्हणून समोरचा जो आकडा टाकेल तो मोठाच वाटतो. हिशोब सुप्रीम कोर्टाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालात बांधून दिलाय, कागद-पेन घ्या आणि करा. समजा ३४ वर्षांचा इलेक्ट्रिशियन, स्वतःचं काम, महिन्याला २०,००० कमाई, मागे बायको, दोन मुलं आणि आई. वय चाळिशीच्या आत आणि कायम नोकरी नाही म्हणून पुढच्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २८,०००. अवलंबून असणारे चार, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, राहिले २१,०००. वर्षाचे २,५२,०००. वर्षाच्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणायचं, ३१ ते ३५ वयाला गुणक १६. आले ४० लाख ३२ हजार. यावर अंत्यविधी, इस्टेटचं नुकसान आणि जोडीदार-मुलं-आईवडील यांच्या सहवासाच्या नुकसानीचे ठराविक आकडे वेगळे, ते दर ३ वर्षांनी १० टक्के वाढतात. अविवाहित मुलगा गेला असेल तर साधारणपणे अर्धी कमाई वजा होते.

आणि याच माणसाची कमाई तुम्ही १०,००० च सिद्ध करू शकलात तर तोच आकडा थेट २० लाख १६ हजारांवर येतो. म्हणून मी म्हणेन सगळा जोर कमाईच्या पुराव्यावर लावा. नोकरी असेल तर सॅलरी स्लिप, फॉर्म १६, आणि कंपनीचा माणूस साक्षीला येईल अशी सोय, नुसतं लेटरहेडवरचं पत्र पुरत नाही. स्वतःचा धंदा असेल तर जुने इन्कम टॅक्स रिटर्न, बँक स्टेटमेंट, यूपीआयच्या एंट्री, बिलबुक, नेहमीची गिऱ्हाईकं. त्याचा मोबाईल फॉरमॅट करून कोणाला देऊन टाकू नका, पेमेंटची अर्धी हिस्ट्री त्यातच असते! मृत्यूनंतर भरलेले रिटर्न मात्र कोर्ट संशयानेच बघतं. काहीच पुरावा नसेल तर किमान वेतनाच्या आसपास धरतात. घर सांभाळणारी बाई गेली तर कमाई शून्य असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, तिच्या कामाचंही उत्पन्न धरलं जातं. एलआयसीचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून कापायचे असंही नाही.

वकील निवडताना एक विचारा, एमएसीटीच्या केसेस नेहमी चालवता का. हॉस्पिटलच्या दारात किंवा तेराव्याला कार्ड घेऊन येणाऱ्या एजंटला चहा पाजा आणि वाटेला लावा. मिळेल त्यातले अमुक टक्के अशी फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, तरी सर्रास मागितली जाते, तुम्ही ठराविक फी लेखी ठरवा. कोऱ्या कागदावर सही नाही, चेकबुक-पासबुक वकिलाकडे ठेवायचं नाही. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बायका, मुलं, एससी-एसटी यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील फुकट मिळतो, हेल्पलाइन १५१००.

केस चालू असताना कंपनी लोक अदालतीत तडजोडीला बोलावेल. जायला हरकत नाही, पैसे लवकर सुटतात, पण वरचा हिशोब खिशात ठेवून जा, कारण तिथे सही झाली की अपील नाही. हेल्मेट नव्हतं, तिघं बसले होते, असलं काढून रक्कम खाली ओढतील, तो मुद्दा जखम डोक्याला होती की पोटाला यावरही अवलंबून असतो, तेव्हा पीएम रिपोर्ट पुढे करा. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं म्हणून हात झटकले तरी घाबरू नका, अशा बऱ्याच केसेसमध्ये कोर्ट कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायला सांगतं.

निकालाची रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत हायकोर्टात अपील करता येतं. मुलांचा हिस्सा सज्ञान होईपर्यंत एफडीत राहतो, मध्ये शिक्षणाला वगैरे लागले तर त्याच न्यायाधिकरणात फी पावती जोडून अर्ज करायचा. आणि पॅन कार्ड आधीच काढून द्या, नाहीतर एफडीच्या व्याजावरचा टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा टॅक्स, उगाच जास्त कापला जाऊन बसतो.