वेलगुलाब: दसऱ्यानंतर कात्री कमी, सुतळी जास्त

परतीचा पाऊस उघडला आणि वाफसा आला (माती ओलसर पण चिकटणार नाही अशी झाली), की मराठवाड्यात गुलाबाच्या छाटणीला हात घालायचा. झुडपी गुलाबाची छाटणी बहुतेकांना जमते. वांधा होतो वेलगुलाबाचा. गेटवर चढवलेला वेल गच्ची गाठतो आणि फुलं सगळी शेंड्याला, शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर! मग माणूस वैतागून तो गुडघ्याएवढा छाटतो आणि हंगामभर नुसता पाला बघत बसतो.

फांदी उभी असली की शेंड्याचा डोळा (जिथून कोंब फुटतो तो उंचवटा) खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. तीच आडवी किंवा तिरपी केली की बुडापासून डोळे फुटतात, आणि त्या आखूड फुटव्यांवरच फुलं लागतात. म्हणून जोमदार लांब फांद्या कापू नका, वाकवा. यंदाची फांदी सहज वळते. जुनी, जाड फांदी एका दमात ओढली तर तडकते. तिला दर आठवड्याला थोडी थोडी खाली घ्या. बांधायला सुतळी किंवा जुन्या लुगड्याची चिंधी घ्या आणि फांदी व आधार यांच्यामध्ये एक पीळ देऊन गाठ सैल ठेवा. बारीक तारेनं बांधलेली फांदी जाड झाली की तार सालीत रुतते.

कात्री लावायची ती वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांना. फुलून गेलेले बाजूचे फुटवे दोन-तीन डोळ्यांवर आखूड करा. काप तिरका, डोळ्याच्या पाव इंच वर. जाड कापांवर १० टक्के बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा, नाहीतर शेंड्याकडून मर खाली उतरते. लागवडीला दोन वर्षं झाली नसतील तर वाळकं तेवढं काढा, बाकी वेल वाढू द्या.

कलमाच्या गाठीखालून आलेला फुटवा रानटी खुंटाचा असतो, तो मुळापाशी उपटून टाका. ‘सात पानांचा तो रानटी’ ही खूण वेलगुलाबात फसवी आहे, चांगल्या वेलालाही एका पानात सात पर्णिका (छोटी पानं) येतात. माती उकरून फुटवा नेमका कुठून निघालाय ते बघा.

छाटणीनंतर आळं हलकं चाळून पाचेक किलो कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड द्या. साधारण दीड महिन्यात कळ्या दिसतील.

आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत नवी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. पण लगेच औषधाच्या दुकानाकडे पळू नका, आधी पाणी कमी करून बघा. सतत ओल्या काळ्या मातीत मुळांना लोह उचलता येत नाही. तरी फरक पडला नाही तर चिलेटेड फेरस (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) लिटरला १ ग्रॅम घेऊन संध्याकाळी फवारा. थंडीत पानांवर पांढरी भुरी आली तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम पुरे, तेही उन्हाच्या तडाख्यात नको.

नवा वेल लावायचा असेल तर पश्चिमेची भिंत टाळा, एप्रिल-मेमध्ये ती पानं भाजून काढते. पूर्वेची भिंत बरी. खड्डा भिंतीपासून दीड फूट लांब, २ फूट खोल घ्या, आणि तळाशी मुरूम टाकायला विसरू नका.